थोरल्याची परीक्षा

रहिमाबींनी उंबऱ्यावर चहाचे दोन कप ठेवले आणि पदर सावरत खोलीत डोकावून पाहिलं.

"घे बेटा, चाय. दोस्तालाबी दे. थंडी होऊन जाईल."

मच्छिंद्र इंग्रजी शब्दांचं पुस्तक खाटेवर पालथं घालून उठला. एक लोखंडी खाट, एक टेबल, खुंटीला टांगलेले दोन सदरे, एवढ्याशा खोलीत दुसरा माणूस लपायचा तरी कुठं?

"कोणता दोस्त, चाची? इथं मीच हाय."

"मजाक नको करू. एक पुसतो, एक जवाब देतो. रोज दुपारी ऐकून राह्यले मी."

"मीच पुसतो आन् मीच सांगतो. पाठ करायची पद्धतच हाय तशी."

रहिमाबी हसल्या नाहीत. त्यांचा नवरा ख्वाजामियाँ पुढच्या दुकानात शिलाई मशीन चालवायचा, मागं त्यांचं स्वैपाकघर आणि स्वैपाकघराच्या भिंतीपलीकडं ही भाड्याची खोली. भिंत कसली, विटांवर नुसता चुना फासलेला. पलीकडचा माणूस शिंकला तरी अलीकडं कळायचं.

"आवाज दोन हायेत," त्या हळूच म्हणाल्या. "एक तुझा. दुसरा बी मी वळखते. पण नाव न्हाई घेत."

आणि दोन्ही कप तिथंच ठेवून त्या गेल्या. मच्छिंद्रनं दोन्ही प्यायले. फुकटचा चहा कोण फेकतं! पण दुसरा कप तोंडाला लावताना त्यानं एकदा मागं वळून खोलीत पाहिलं, हे खरं.

जालन्याच्या मस्तगड भागातली ती खोली मुळात त्याची नव्हतीच. थोरल्या भावाची, धर्मराजची होती. धर्मराज केदारखेड्याहून शिकायला म्हणून जालन्यात आला, बी.कॉम. झाला आणि बँकेच्या परीक्षेच्या मागं लागला. त्या वर्षांत गावात कुणाचा पोरगा बँकेत क्लार्क लागला की लोक त्याच्या बापाला रामराम घालायला वाट वाकडी करून यायचे. धर्मराजचं एकदा इंटरव्ह्यूत गेलं, एकदा थोडक्यात हुकलं. तिसऱ्या खेपेला मात्र तयारी अशी होती, की क्लासचे तातेराव सर म्हणायचे, हा बँकेत गेला म्हणूनच समजा. परीक्षा तोंडावर आली आणि धर्मराजला कावीळ झाली. आधी गावचं औषध, मग जालन्याचा दवाखाना. पोरगा गेला, परीक्षा राहिली.

आता खरी गोष्ट इथून सुरू होते. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. बाभळीवर बसून नुसता माना वेळावत होता. ऊन तापलं. भावकीतली माणसं टेकायला सावली शोधू लागली. "काय राह्यलं त्याचं, सांगा रे," भटजी म्हणाले. बाप रामराव पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "तुझ्या मायला अंतर देणार न्हाई, धर्मा." कावळा हलला नाही. चुलता म्हणाला, तुझं नाव राखू. मामा म्हणाला, वर्षश्राद्ध चुकवणार न्हाई. कावळ्यानं पंखसुद्धा उचलला नाही. सोनूबाई, धर्मराजची माय, वाळूत बसून नुसती पिंडाकडं बघत होती.

मच्छिंद्र धाकटा. पोटात सकाळपासून अन्न नव्हतं, डोळ्यापुढं अंधारी येत होती. तो पुढं गेला आणि बोलून बसला.

"दादा, तुझी बँकेची परीक्षा मी देतो. पास होऊन दावतो."

कावळा सरळ खाली आला.

बायकांनी हंबरडा फोडला. "जीव अडकला होता बाई त्यात," असं म्हणत लोक मोकळे झाले, घरी गेले, जेवले. पिंडापुढं दिलेला शब्द. तो मोडायचा नसतो, हे शेंबडं पोरही जाणतं. पण देणाऱ्यानं आधी विचार करावा का नको? इंग्रजी म्हणजे वाघिणीचं दूध म्हणतात. मच्छिंद्रला शेळीचंही पचत नव्हतं. बारावी तो कसाबसा निघाला आणि भोकरदन रस्त्याला लिंबाखाली पत्र्याच्या शेडात विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भरायला, म्हणजे त्यांत नवी तार घालायला बसला. त्यात मात्र त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. तांब्याची तार अशी गुंडाळायचा, की बोलता बोलता वेढे मोजायचंही काम नाही. बोटांनाच कळायचं, आता पुरे. विहिरीवर मोटार चालू झाली, पाणी फसफसत पाटात आलं की शेतकऱ्याआधी याचंच तोंड फुलायचं. त्याला दुसरं काही नको होतं. खरंच नको होतं.

पण शब्द गेला होता. त्यानं शेडाला कुलूप लावलं, बारावीवर चालणारा क्लार्कचा फॉर्म भरला आणि भावाच्या खोलीत, भावाच्या खाटेवर, भावाची पुस्तकं घेऊन बसला.

पहिले काही महिने नुसता धोंड्यावर पाऊस. सकाळी वाचलेला शब्द दुपारच्या भाकरीबरोबर पोटात जाई आणि पुन्हा वर येत नसे. मग त्याला आठवलं, दादा गावी यायचा तेव्हा ओसरीवर येरझाऱ्या घालत पाठ करायचा. इकडून तिकडं जाताना मोठ्यानं शब्द विचारायचा, तिकडून परत येताना मोठ्यानं अर्थ सांगायचा आणि प्रत्येक अर्थावर चुटकी वाजवायचा. मच्छिंद्र तेव्हा त्याची टिंगल करायचा. आता तोही तसंच करू लागला. खिडकीपासून दारापर्यंत प्रश्न, दारापासून खिडकीपर्यंत उत्तर. उत्तर कुठलं यायला? तो दाराशी थांबायचा, डोकं खाजवायचा आणि पुस्तक उघडायचा.

एका दुपारी पुस्तक उघडायच्या आत उत्तर आलं. त्याच्याच तोंडून आलं, चुटकीसकट. पुढच्या शब्दाचं आलं. त्याच्या पुढच्याचं आलं. त्या दिवशी मच्छिंद्र नाचायचाच बाकी होता. आलं बुवा डोक्यात एकदाचं, म्हणाला, आणि ख्वाजामियाँच्या दुकानात जाऊन त्यांना पान खाऊ घालून आला. त्यानंतर काही दिवसांनी रहिमाबींनी दोन कप ठेवले.

त्यानं मनाला समजावलं. म्हातारी आहे, कानाला काहीतरी लागत असेल. तरी दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम पुटपुटत पाठ करायला बसला, ओठ जेमतेम हलवत. प्रश्न ओठातल्या ओठात गेला. उत्तर मात्र खणखणीत आलं, दारातून खिडकीकडं. पलीकडं रहिमाबींचं लाटणं थांबलं. मच्छिंद्र दाराजवळ उभा होता आणि त्याला अजिबात आठवेना, आपण खिडकीकडून इकडं चाललो होतो की इकडून तिकडं.

तातेराव सरांचा क्लास एका कापडदुकानाच्या वर भरायचा. तिथली रीत अशी, की सर एक शब्द द्यायचे, विद्यार्थ्यानं उभं राहून त्याचं वाक्य करायचं आणि ते वाक्य पुस्तकातलं असता कामा नये, स्वतःच्या घरातलं, गावातलं पाहिजे. त्या रविवारी सरांनी 'रिलक्टंट' दिला. म्हणजे ज्याचं मन घेत नाही, जो आढेवेढे घेतो तो. दोन पोरांनी रडतखडत वाक्यं केली. मग सरांनी मच्छिंद्रकडं बोट केलं.

मच्छिंद्र उठला आणि एका दमात म्हणाला, "माय ब्रदर इज रिलक्टंट टु स्टडी, बट ही हॅज गोल्डन हॅन्ड्स."

माझ्या भावाला अभ्यासाचा कंटाळा आहे, पण त्याचे हात सोन्याचे आहेत. मागं बसलेली पोरं वाहवा म्हणाली. सर फळ्याकडं वळले होते, ते तसेच थांबले. क्लास सुटल्यावर त्यांनी त्याला मागं ठेवून घेतलं.

"ते वाक्य तुला कोणी सांगितलं रे?"

"कोणी न्हाई सर. सुचलं."

"तुला भाऊ किती?"

"एकच होता. थोरला."

"मग अभ्यासाचा कंटाळा कुणाला?" सरांनी चष्मा काढून पुसला. "मागच्या साली धर्मराजनं हेच वाक्य केलं होतं. याच बाकाजवळ उभं राहून. मी त्याला म्हणालो होतो, धाकट्यावर लई जीव दिसतो तुझा."

मच्छिंद्र जिना उतरला आणि खालच्या पायरीवर बसून राहिला. वाक्यातला भाऊ तो स्वतःच होता. दादानं जिवंतपणी त्याचं तोंडावर कधी कौतुक केलं नव्हतं. 'गधड्या' सोडून दुसरी हाक नव्हती. आणि आता हे कौतुक त्याला स्वतःच्याच तोंडून ऐकावं लागलं. त्याला रडू आलं आणि त्याच वेळी अंगावर काटा उभा राहिला. दोन्ही एकदम झालं, त्यातलं आधी कोणतं हे त्याला सांगता आलं नसतं.

परीक्षा जवळ आली तसा तो दोन दिवस गावी गेला. सोनूबाईनं ताट वाढलं. वरण, भात, बिनलसणाची भाजी. त्यानं गपागप खाल्लं आणि हात धुताना ध्यानात आलं, की लसणाशिवाय आपला घास कधी उतरत नव्हता. लसूण दादाला चालायचा नाही. मायकडं पाहिलं तर ती खाली मान घालून खरकटं काढत होती.

एवढ्यात कचरू आला. शेजारच्या शेताचा मालक, बैलगाडीत जळालेली मोटार घालून.

"मच्छू, आला का तू? बरं झालं बाबा. हरभरा मान टाकून राह्यलाय. कर पटकन, तुझ्याबिगर कोणाच्या हाताला देत न्हाई मी."

मच्छिंद्रला केवढा आनंद झाला! त्यानं शेडाचं कुलूप काढलं, मोटार उघडली, जळकी तार ओढून काढली. नवं रीळ घेतलं, पहिला वेढा दिला. दुसरा दिला. आणि बोटं थांबली. पुढं काय करायचं, ते बोटांना माहीत नव्हतं. तो तारेकडं बघत राहिला. कुठून घालायची, कुठून काढायची, कितीवर थांबायचं? त्यानं पुन्हा सुरुवात केली. तार पिळली, गुंता झाला, तुटली. तिसऱ्यांदा घेतली तर पत्र्याच्या कडेनं बोट कापलं. त्याच्या हातावर इतक्या वर्षांचे घट्टे होते, ते कुठं दिसेनात. शाईचा एक डाग तेवढा होता, मधल्या बोटाच्या पेरावर.

"काय रे हे?" कचरू म्हणाला. "हात इसरले का तुझे? शिकून शिकून वाटोळं झालं म्हण की!"

तो हसत म्हणाला, पण मोटार परत गाडीत घालून भोकरदनला घेऊन गेला. गाडी वळणापार होईस्तोवर मच्छिंद्र शेडात उभा होता. मग तो तसाच, बोटातून रक्त गळत, घरात गेला.

"माय, मी न्हाई देणार परीक्षा. काय पाप लागायचं ते लागू दे. मला माझं काम पायजे."

सोनूबाई शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"तू नको देऊ," ती म्हणाली. "तो देऊन राह्यला ना."

घरात दुसरं कुणी नव्हतं. रामराव शेतात गेला होता. 

"तुला ठावं होतं?"

"तू आला तव्हाच कळलं. पायताण काढून भिताडाला लावून ठिवलं. तू कधी ठिवलं व्हतं का, फेकून देतो. मी काय दोघं पोरं वळखत न्हाई? नऊ महिने पोटात वागवलेले." आता तिनं वर पाहिलं. डोळे कोरडे होते, पण हात थांबले होते. "मच्छू, मला दोघं बी पायजेत रे. मायनं कोणाला न्हाई म्हणावं, सांग बरं? त्याचं इतकंच राह्यलं होतं. एका आंथरुणात निजायचे तुम्ही दोघं. तुला थंडी वाजली का तो सरकायचा, भिताडाला चिटकून निजायचा रातभर. आता थोडे दिस तू सरक."

"आन् मंग?"

"पास झाला का जाईल तो. असा काय हावरा न्हाई माझा धर्मा. तो गेला का मी तुला हाक मारीन. तू ये."

"लई लांब गेलो तर, माय?"

सोनूबाईनं पदराची चिंधी फाडून त्याच्या बोटाला बांधली. "मायची हाक कुठवर बी जाती," ती म्हणाली, आणि त्याचं बोट बराच वेळ मुठीत धरून बसली. मच्छिंद्रनं शेडाला पुन्हा कुलूप लावलं. मायनं एवढं मागितल्यावर कोण नाही म्हणेल? आणि खरं सांगायचं तर दादाचं ते सरकून निजणं त्यालाही आठवत होतं.

परीक्षा औरंगाबादला झाली. बाकावर बसून पेन्सिलीला टोक काढलं, एवढं त्याला पुढं आठवे. नंतर घंटा झाली, तेही आठवे. मधलं काहीच नव्हतं. बाहेर पोरं इंग्रजीचा पेपर लांबलचक आला म्हणून बोंबलत होती आणि हा नळावर हात धूत होता, शांत, घरून जेवून निघाल्यासारखा. इंटरव्ह्यूतही तेच. आत गेला, बाहेर आला. आतून साहेब लोकांचं हसणं ऐकू येत होतं, असं बाहेर बसलेल्या पोरांनी सांगितलं.

मस्तगडातली खोली सोडताना ख्वाजामियाँनी त्याला मिठी मारली. रहिमाबी दारातच उभ्या राहिल्या. पुढं आल्या नाहीत. "जा बेटा," म्हणाल्या, आणि नाव घेतलं नाही.

निकाल लागला. पेपरात नंबर आला, तो पाहून रामराव भर रस्त्यात ढसाढसा रडला आणि दुपारभर गावात पेढे वाटत फिरला. भावकी आली, चुलता आला, मामा आला. कचरूही आला. "मोटारीचं भोकरदनवाल्यानं पार वाटोळं केलं बघ," एवढं बोलून पेढा खाऊन गेला. धाकट्यानं पिंडाचा शब्द राखला, असं जो तो म्हणत होता. पोरगा सगळ्यांच्या पाया पडला, हळू आवाजात, मर्यादेनं बोलला. पूर्वी असा नव्हता हो, असं एक म्हातारी म्हणाली, आणि कौतुकानंच म्हणाली.

उन्हं उतरली, माणसं पांगली. सोनूबाईनं त्याला देवापाशी बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, तोंडावरून हात फिरवला. तिची बोटं त्याच्या भुवयांवरून, गालांवरून सावकाश गेली.

"झालं ना मनासारखं, बाळा? आता काही राह्यलं न्हाई ना?"

त्यानं मान हलवली. काही राहिलं नव्हतं.

"मंग जा आता, धर्मा. सुखानं जा. माझी चिंता करू नको."

तिला ते म्हणवत नव्हतं, तरी म्हणाली. पोटच्या पोराला दुसऱ्यांदा घालवायचं, सोपं का असतं? ती डोळे मिटून बसली. मग उठली, पदर खोचला आणि दारात जाऊन उभी राहिली. रस्ता शेताकडून वळून शेडावरून पुढं जात होता. शेडाच्या पत्र्यावर शेवटचं ऊन होतं.

"मच्छूऽ," तिनं हाक मारली. "ए मच्छूऽऽ, ये बाळा आता!"

हाक रस्त्यावरून गेली. गोठ्यातल्या गाईनं कान टवकारले. कुणी ओ दिली नाही.

"मच्छूऽऽऽ!"

तिचा आवाज चिरकला. तो आतून उठून आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. उंबऱ्याशी त्याची पायताणं भिंतीला लावून ठेवलेली होती, जोडीला जोड. मायचे खांदे हलत होते, आणि त्याला तिची फार दया आली. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"येईल गं, माय," तो म्हणाला. "कोणाची तरी मोटार भरत बसला असंल. त्याला काय, काम घेतलं का घरदार आठवतं का?"

सोनूबाईनं वळून त्याच्याकडं पाहिलं. मग भिंतीला लावलेल्या त्या पायताणांकडं पाहिलं.

तो मात्र शांतपणे दारातच टेकला. रस्त्याकडं तोंड करून, धाकट्या भावाची वाट बघत.